दुभंगलेल्या देशात राजा नेमका कोणाला हवा असतो?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नागभीड तालुक्यातील आपल्या गावच्या वाचनालयात नेपाळच्या बातम्यांवरून चर्चा झाली. ज्या देशात पक्षापक्षांत आणि प्रांताप्रांतांत उभी फूट पडलेली असते तिथे लोकांना राजा हवासा वाटतो, कारण तो सगळ्यांचा असतो, असे एका गटाचे म्हणणे पडले. दुसऱ्या गटाने हे सरंजामी मनाचे अवशेष ठरवले. यांपैकी खरे काय, आणि राजेशाहीविषयीच्या मतचाचण्यांवर कितपत विसंबावे, असे आपण विचारले आहे.

मी चंद्रपूर, गडचिरोली आणि भंडारा या भागांत सुमारे तीस वर्षे मतचाचण्यांचे क्षेत्रकाम केले आणि त्याच काळात महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवले. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे की, दोन्ही गट राजाकडे पाहत आहेत आणि लोक मात्र बहुतेक वेळा राजाविषयी बोलतच नसतात. ते आजच्या कारभाराविषयी बोलत असतात. राजा सगळ्यांचा असतो हेही अर्धेच खरे आहे. त्याने एक बाजू घेतली, किंवा घेतल्यासारखे दिसले, की देशातली फूट सिंहासनाच्या मधोमध जाते.

हे मला कोणत्या ग्रंथातून नव्हे, तर सिंदेवाहीच्या बाजूच्या एका गावात कळले. गोष्ट १९९० च्या दशकाच्या अखेरची आहे. जुन्या मालगुजारीविषयी, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या पद्धतीविषयी, वयस्कर माणसांच्या आठवणी आणि मते आम्ही नोंदवत होतो. मालगुजारी १९५१ मध्ये संपली, त्यामुळे ती प्रत्यक्ष पाहिलेली माणसे तेव्हा साठी-सत्तरीत होती. गावात उतरायला दुसरी जागा नव्हती, म्हणून आम्ही जुन्या मालगुजारांच्या वाड्याच्या ओसरीवर बसलो, घरच्यांनी चहा दिला आणि एकेक माणूस तिथेच बोलावून घेतला. सहाही जणांनी मालगुजारीचा काळ चांगला होता असे सांगितले. त्यांतल्या एका आजोबांची मला संध्याकाळी धानाच्या बांधावर पुन्हा गाठ पडली. मी सहज तोच विषय काढला, तेव्हा ते म्हणाले, "वाड्यात बसून वाड्याचं इचारता का जी? तिथं दुसरं काय सांगन मी?" आणि मग वेठबिगारीच्या, लग्नाकार्यात फुकट राबण्याच्या, वाड्यासमोरून जाताना पायांतली वहाण हातात घेण्याच्या गोष्टी निघाल्या.

एवढेच असते तर धडा सोपा होता: भीतीपोटी लोक खोटे बोलतात. परंतु त्याच आजोबांनी पुढे मामा तलावाकडे बोट दाखवले. आपल्याकडे 'मामा तलाव' म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हे आपल्याला सांगायला नको. मालगुजाराच्या काळी दर उन्हाळ्यात तलावाच्या बांधावर माती पडायची, पाट साफ व्हायचे, पाण्याची पाळी ठरलेली असायची. तलाव सरकारकडे गेल्यापासून गाळ कोणी काढत नाही आणि शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोचत नाही, हे त्यांनी बराच वेळ तळमळीने सांगितले. म्हणजे 'तो काळ चांगला होता' हे त्यांचे विधान पूर्णपणे खोटे नव्हते. त्यात धाक होता, तशीच आजच्या व्यवस्थेविरुद्धची एक रास्त तक्रारही होती. मालगुजार परत यावा असे मात्र त्यांना मुळीच वाटत नव्हते. एकाच माणसाच्या एकाच उत्तरातील धाक, तक्रार आणि खरी इच्छा या तिन्ही गोष्टी वेगळ्या काढता आल्या, तरच राजेशाहीविषयीच्या कोणत्याही आकडेवारीचा अर्थ लागतो.

आता नेपाळकडे येऊ. तिथे २८ मे २००८ रोजी संविधान सभेने ५६० विरुद्ध ४ मतांनी सुमारे २४० वर्षांची शाह घराण्याची राजवट संपवली. त्याआधी १ जून २००१ चे राजवाड्यातील हत्याकांड झाले होते, राजे ज्ञानेंद्र यांनी १ फेब्रुवारी २००५ रोजी सगळी सत्ता हाती घेतली होती आणि एप्रिल २००६ च्या १९ दिवसांच्या जनआंदोलनाने ती परत द्यायला लावली होती. पुढे प्रजासत्ताक आले, पण २००८ पासून एकाही पंतप्रधानाला पाच वर्षांची मुदत पूर्ण करता आली नाही. तीच ती मंडळी आलटून पालटून खुर्चीवर बसत राहिली. मग ९ मार्च २०२५ रोजी ज्ञानेंद्र पोखऱ्याहून काठमांडूला परतले, तेव्हा विमानतळाबाहेर हजारोंची गर्दी जमली आणि 'राजा आऊ, देश बचाऊ' अशा घोषणा झाल्या. २८ मार्चच्या आंदोलनात हिंसाचार होऊन दोघांचा जीव गेला. आपल्या वाचनालयातील चर्चा बहुधा या दृश्यांवरून सुरू झाली असावी.

या गर्दीशेजारी मतपेटीचे आकडे ठेवून पाहावेत. राजेशाहीचा उघड पुरस्कार करणाऱ्या राष्ट्रीय प्रजातंत्र पक्षाच्या प्रवाहाला २००८ मध्ये ४ जागा मिळाल्या, २०१३ मध्ये २४, २०१७ मध्ये केवळ १ आणि २०२२ मध्ये २७५ पैकी १४. श्रद्धा इतक्या झपाट्याने वरखाली होत नसते. असा चढउतार नाराजीचा असतो. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूतील तरुण रस्त्यावर उतरले, पंतप्रधान ओली यांचे सरकार पडले, तेव्हा अंतरिम पंतप्रधान म्हणून पुढे आल्या त्या माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की. राजवाड्याचे दार उघडण्याची वेळ खरोखर आली असती तर ती हीच होती, आणि त्या वेळी लोकांनी राजाकडे धाव घेतली नाही.

आमच्या तालुक्याच्या गावात रात्री गस्त घालणारे एक गुरखाकाका आहेत. ते पश्चिम नेपाळातले. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते पैसे न्यायला आले असता मी त्यांना राजाविषयी विचारले. राजा असता तर बरे झाले असते, असे त्यांनी लगेच सांगितले आणि त्यानंतर अर्धा तास जे सांगितले त्यात राजा एकदाही आला नाही: मुलाला कतारला पाठवताना दलालाने किती घेतले, गावचा रस्ता पावसात दर वर्षी कसा वाहून जातो, नागरिकत्वाच्या कागदासाठी किती हेलपाटे पडले. प्रश्नावलीत त्यांच्या नावापुढे मी 'राजेशाहीला पाठिंबा' अशी खूण केली असती, तर ती नियमाला धरून झाली असती आणि तरीही चुकीची ठरली असती.

बेल्जियमचे उदाहरण मला सर्वांत बोधप्रद वाटते, आणि मराठीत त्याची चर्चा फारशी होत नाही, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. त्या देशात उत्तरेला डच बोलणारे फ्लेमिश आणि दक्षिणेला फ्रेंच बोलणारे वालून अशी जुनी विभागणी आहे. राजे लिओपोल्ड तिसरे यांनी मे १९४० मध्ये मंत्रिमंडळाचा सल्ला डावलून जर्मन सैन्यापुढे शरणागती पत्करली आणि ते देशातच राहिले. सरकार मात्र देशाबाहेरून लढत राहिले. युद्धाच्या अखेरीस जर्मनांनी राजाला देशाबाहेर नेले होते; युद्ध संपल्यावर त्याला परत येऊ द्यायचे की नाही यावर देश पेटला आणि १२ मार्च १९५० रोजी जनमत घेण्यात आले. निकाल ५७.६८ टक्के राजाच्या बाजूने लागला. बहुमताचा नियम सरळसोट लावला तर विषय इथेच संपायला हवा होता. परंतु फ्लेमिश भागात ७२ टक्के होकार होता आणि वालून भागात अवघा ४२ टक्के. ब्रुसेल्समध्येही होकार निम्म्याच्या खाली, ४८ टक्क्यांवर राहिला. जुलैमध्ये राजे परतले आणि दक्षिणेतील खाणी व कारखाने संपाने बंद पडले. लीएजजवळच्या ग्रास-बेर्लर इथे गोळीबारात चार जणांचा बळी गेला. त्यानंतर एक-दोन दिवसांतच लिओपोल्ड यांनी अधिकार विशीच्या उंबरठ्यावरील मुलाकडे, बोदुआँकडे सोपवण्याचे मान्य केले आणि १९५१ मध्ये रीतसर पदत्याग केला.

म्हणजे जो राजा जनमत जिंकला, त्यालाच जावे लागले. मंत्र्याला ५८ टक्के पुरतात, राजाला पुरत नाहीत, कारण मंत्र्याने उरलेल्या ४२ टक्क्यांचा असल्याचा दावा केलेला नसतो. राजाचे सगळे वजन 'मी सर्वांचा' या एका वाक्यावर उभे असते, आणि मतमोजणीने ते वाक्य जाहीरपणे खोटे पाडले.

त्याच बेल्जियममध्ये पुढच्या ७५ वर्षांत बाजू उलटल्या. १९५० मध्ये राजासाठी मते देणाऱ्या फ्लेमिश भागातच आज प्रजासत्ताकवादी राष्ट्रवादी पक्ष बलवान आहेत, आणि एकेकाळी राजाविरुद्ध संपावर गेलेल्या दक्षिणेला आज राजा म्हणजे एकसंध देशाची खूण वाटतो. सिंहासन तेच, घराणे तेच. बदलले ते एवढेच की, देश एकत्र राहण्यात कोणाला लाभ दिसतो आणि कोणाला तोटा. २०१०-११ मध्ये तिथे ५४१ दिवस नवे सरकार बनू शकले नाही. त्या काळात राजे आल्बर्ट दुसरे एकामागून एक मध्यस्थ नेमत राहिले, आणि कुठल्याच पक्षाचा नसलेला माणूस वाटाघाटीच्या टेबलाशी असण्याचा उपयोग त्यांच्या टीकाकारांनाही दिसला. फेब्रुवारी २०२५ मध्ये फ्लेमिश राष्ट्रवाद्यांचे नेते बार्त दे वेव्हर पंतप्रधान झाले. त्यांच्या पक्षाच्या कार्यक्रमात प्रजासत्ताक आहे, तरी शपथ त्यांनी राजे फिलिप यांच्यासमोरच घेतली. असे चमत्कारिक वाटणारे प्रसंगच लोकांचे खरे मत सांगतात: तत्त्व एक असते, आणि आज ज्यामुळे काम चालते ते दुसरे असते.

स्पेनमध्ये आणखी एक पदर दिसतो. तिथे राजेशाही १९७५ मध्ये फ्रँकोच्या हुकूमशाहीच्या शेवटाला परत आली, म्हणजे तिचा जन्मच वादग्रस्त होता. तिला मान्यता मिळाली ती २३ फेब्रुवारी १९८१ च्या रात्री. सिव्हिल गार्ड या निमलष्करी पोलीस दलाच्या शस्त्रधारी जवानांनी संसद ताब्यात घेतली होती, आणि मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास राजे हुआन कार्लोस गणवेशात दूरदर्शनवर येऊन लोकशाहीच्या बाजूने बोलले. त्यानंतर अनेक डावे लोक म्हणू लागले की, आम्ही राजेशाहीवादी नाही, आम्ही हुआनकार्लोसवादी आहोत. हे वाक्य त्या वेळी राजाला फार सुखाचे होते आणि पुढे फार महागात पडले. संस्थेवरचा विश्वास व्यक्तीच्या नावे जमा झाला, की व्यक्ती घसरल्यावर खाते रिकामे होते.

स्पेनच्या सरकारी समाजशास्त्रीय संशोधन केंद्राच्या चाचण्यांत राजसंस्थेवरील विश्वासाला दहापैकी गुण दिले जात. १९९० च्या दशकाच्या मध्याला ते सातच्या वर होते. ऑक्टोबर २०११ मध्ये प्रथमच पाचाखाली, ४.८९ वर आले. एप्रिल २०१२ मध्ये, देशात दर चार माणसांमागे जवळपास एक बेकार असताना, राजे बोट्स्वानात हत्तीच्या शिकारीला गेले असताना पडले आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले, तेव्हा ही सहल लोकांना कळली. त्यांनी माफी मागितली; तरी २०१४ मध्ये गुण ३.७२ पर्यंत उतरले आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी पद सोडले. मुलगा फेलिपे सहावे आल्यावर एप्रिल २०१५ मध्ये आकडा ४.३४ वर चढला. त्यानंतर त्या केंद्राने हा प्रश्न विचारणेच थांबवले. माझ्या धंद्यातला माणूस म्हणून मला याचे फार वाईट वाटते. आकडा वाईट येईल म्हणून प्रश्न गाळणे म्हणजे ताप पाहायला नको म्हणून थर्मामीटर लपवणे होय. अखेर २०२० मध्ये १६ स्वतंत्र माध्यमांनी वर्गणी काढून चाचणी घेतली. तीत सुमारे ४१ टक्के प्रजासत्ताकाच्या आणि ३५ टक्के राजेशाहीच्या बाजूने निघाले. उजव्या पक्षांचे मतदार राजाच्या पाठीशी होते, डावे विरोधात; स्पेनपासून वेगळे होण्याची चळवळ असलेल्या कातालोनिया प्रांतात तर विरोध प्रचंड होता, कारण ऑक्टोबर २०१७ मधील भाषणात फेलिपे यांनी तिथल्या फुटीर नेत्यांना खडसावले आणि पोलिसांच्या लाठ्यांनी जखमी झालेल्यांविषयी एक शब्दही काढला नाही. राज्यघटनेच्या दृष्टीने ते भाषण योग्य की अयोग्य, यावर वाद होऊ शकतो. त्या दिवशी तिथल्या बहुसंख्यांसाठी राजा 'त्यांचा', म्हणजे समोरच्या बाजूचा, झाला, यावर होऊ शकत नाही.

तरीही माणसाच्या वागण्याला किंमत असते. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस व्हॅलेन्सिया भागात महापूर आला आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. ३ नोव्हेंबरला राजाराणी, पंतप्रधान आणि प्रांताचे प्रमुख पायपोर्ता गावात गेले, तेव्हा संतापलेल्या लोकांनी त्यांच्यावर चिखल फेकला. पंतप्रधानांना सुरक्षारक्षकांनी मागे नेले. राजा मात्र तोंडावर आणि कपड्यांवर चिखल घेऊन तिथेच थांबला, शिव्या ऐकत राहिला, एकेकाशी बोलत राहिला. राणीच्या डोळ्यांत पाणी होते. अतिवृष्टीनंतर पंचनाम्याला कोण आले आणि कोण गाडीच्या काचेतूनच पाहून गेले, हे आपल्याकडचा शेतकरी वर्षानुवर्षे विसरत नाही. पायपोर्ताचे लोकही ते विसरणार नाहीत.

थायलंडविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण तिथे मोजमापच करता येत नाही. तिथल्या दंडसंहितेच्या कलम ११२ नुसार राजा, राणी, युवराज यांच्या अवमानाला प्रत्येक आरोपामागे ३ ते १५ वर्षांची शिक्षा आहे, आणि जानेवारी २०२४ मध्ये फेसबुकवरील मजकुरासाठी एका तरुणाची एकूण शिक्षा ५० वर्षांवर गेली. अशा देशात घरोघरी जाऊन राजाविषयी प्रश्न विचारणे म्हणजे अख्खा देश वाड्याच्या ओसरीवर बसवणे होय. राजे भूमिबोल यांच्याविषयीचा जिव्हाळा खोटा होता असे मी म्हणत नाही. मे १९९२ मध्ये रक्तपातानंतर त्यांनी पंतप्रधान आणि विरोधी नेता यांना समोर बसवून समज दिली, ते दृश्य पाहिलेल्या पिढीला तो खराच वाटत असणार. पण पुढे राजाचा पिवळा रंग एका गटाने अंगावर घेतला, दुसऱ्याने लाल घेतला, आणि तटस्थता कपड्यांतच संपली. अशा वेळी आडून कळणाऱ्या खुणा पाहाव्या लागतात. चित्रपटगृहात राजगीत लागल्यावर उभे न राहणाऱ्यांची संख्या अलीकडच्या वर्षांत वाढली; कलम ११२ सौम्य करू असे म्हणणाऱ्या मूव्ह फॉरवर्ड पक्षाला २०२३ मध्ये ५०० पैकी १५१, म्हणजे सर्वाधिक जागा मिळाल्या; आणि ७ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायालयाने त्याच कारणावरून तो पक्ष बरखास्त केला.

प्रश्नाच्या शब्दांविषयीही सावध राहावे. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात चाचण्या प्रजासत्ताकाकडे कल दाखवत होत्या, परंतु ६ नोव्हेंबर १९९९ च्या सार्वमतात सुमारे ५५ टक्क्यांनी नकार दिला. राष्ट्रप्रमुख म्हणून ब्रिटनची राणी नको असणाऱ्या अनेकांना संसदेने निवडलेला राष्ट्राध्यक्षही नको होता, आणि कागदावर पर्याय तोच होता. 'राजा हवा का?' आणि 'राजाऐवजी अमुक हवे का?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

सरंजामी मनाचा जो आरोप दुसऱ्या गटाने केला, तो मला आपल्याच मातीवरून पटत नाही. रघूजी तिसरे वारस न ठेवता डिसेंबर १८५३ मध्ये वारले आणि नागपूरचे राज्य कंपनीने खालसा केले. वऱ्हाड त्याच सुमारास निजामाकडून इंग्रजांच्या हाती गेला. म्हणजे विदर्भाच्या मोठ्या भागात राजा डोळ्यांसमोरून जाऊन पावणेदोनशे वर्षे होत आली. तरी चंद्रपूरच्या गोंड राजांनी बांधलेल्या परकोटाचा अभिमान सगळ्यांना आहे. अहेरीकडे आजही जुन्या राजघराण्यातील माणसांना लोक आदराने 'राजे' म्हणतात, आणि त्याच घराण्यातील माणसे एकमेकांविरुद्ध विधानसभेला उभी राहिली की तेच लोक रस्ता, हातपंप आणि पट्टा विचारून मत देतात. मान देणे आणि सत्ता देणे यांतला फरक आमच्या गावकऱ्यांना उत्तम कळतो. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले तेव्हाही त्यामुळे कोणाच्या घरातला जुना फोटो खाली उतरला नाही.

आपल्या वाचनालयात याची परीक्षा घ्यायची असेल, तर एक संध्याकाळ पुरेल. प्रथम सर्वांसमोर हात वर करून विचारावे की दुभंगलेल्या देशात राजा असावा का. मग तोच प्रश्न कोऱ्या चिठ्ठीवर, नाव न लिहिता, बंद डब्यात टाकायला सांगावा. तिसऱ्या फेरीत चिठ्ठीवर दोन ओळी लिहून घ्याव्यात: राजा आला तर पहिले काम त्याने कोणते करावे, आणि त्याने ते केले नाही तर त्याला काढायचे कसे. प्रश्न वाचून दाखवणारा माणूस शक्यतो गावातला मानकरी नसावा, आणि बैठक कोणाच्या वाड्यावर न घेता वाचनालयातच घ्यावी. तिन्ही फेऱ्यांचे निकाल फळ्यावर शेजारी शेजारी लिहून ठेवावेत आणि मला जरूर कळवावेत. तिसऱ्या फेरीच्या चिठ्ठ्या मला जशाच्या तशा वाचायला आवडतील.